गोदेच्या काठाने उगमापर्यंत : परिक्रमेआधीची चाल

कार्तिकी एकादशी झाली की मी आणि माझ्या थोरल्या नणंद (घरात सगळेच त्यांना ताई म्हणतो) ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला पायी निघणार आहोत. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने यायचं, नदी सतत उजव्या हाताला आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. म्हणजे अडीच हजार किलोमीटरांच्या वर पायपीट. जुनी रीत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. सलग चालणाऱ्यांना चार-सहा महिने लागतात.

एवढ्या मोठ्या वाटेची तयारी महिनोन्महिने चालते आणि ती हातातला दिवस गिळते, हे कुणी आधी सांगत नाही. रविवारी पांडवलेणी चढताना बोलणं परिक्रमेच्या वाटेवरच्या शूलपाणीच्या झाडीचं. रामशेज किल्ल्यावर बसून डबा खाताना हिशेब मुक्कामांचा. नाशिकमध्ये यंदा पाऊस केवढा सुंदर झाला, पण आमच्या बोलण्यात तो फक्त ‘बूट वाळतील का’ एवढाच आला. परिक्रमेला निघेपर्यंतचं वर्षही आपल्याच आयुष्यातलं आहे, ते नुसतं वाट बघण्यात घालवायचं नाही, असं आम्हा दोघींनाही मनापासून वाटायला लागलं होतं.

म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस, पितृपक्षात, रामकुंडापासून गोदावरीच्या उगमापर्यंत जायचं ठरवलं. पाठीवर परिक्रमेचं पूर्ण ओझं आणि रोज वेगळ्या गावी मुक्काम. अट एकच: नर्मदेचं बोलणं फक्त रात्री, जेवण झाल्यावर, अंथरूण घालेपर्यंत. दिवसा ज्या वाटेवर आहोत तिच्याबद्दल बोलायचं, नाहीतर गप्प चालायचं.

पहिला दिवस : रामकुंड ते गिरणारे

पहाटे रामकुंडावर पोचलो तेव्हा घाट आधीच जागा होता. पितृपक्ष असल्यामुळे पिंडदानाच्या पंगतीच्या पंगती बसल्या होत्या. न्हावी, गुरुजी, दर्भ आणि काळे तीळ विकणाऱ्या बायका, पत्रावळीभोवती कावळे. धरणातून पाणी सोडलेलं होतं. दुतोंड्या मारुतीच्या पायांपर्यंत नदी आली होती. नाशिककरांची पूर मोजायची पट्टी म्हणजे हा मारुती. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला अशी बातमी गावभर फिरते. ताईंनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि निघालो.

शहरातली चाल फार सांगण्यासारखी नाही. घाट सोडला की नदी दिसते, लपते, पुन्हा इमारतींच्या मधून दिसते. आनंदवल्लीच्या पुढे मोकळं वाटायला लागतं. सोमेश्वरच्या अलीकडे मिसळ खाल्ली. सोबत पापड, दही आणि एक जिलेबी. ओझं घेऊन चालायचं असेल तर तर्री बेतानं घ्या आणि दही पूर्ण संपवा. पुढचे दोन तास घसा आणि पोट दोन्ही तुमचे आभार मानतील.

सोमेश्वरला दर्शन घेऊन गंगापूर गावाकडे निघालो आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. हे दिवस गोडी छाटणीचे, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीचे. एका बागेत नुकतीच छाटणी झाली होती, खाली काड्यांचा सडा पडला होता आणि बायका पेस्ट लावत होत्या. आम्ही बांधावर टेकलो ते बराच वेळ बघतच बसलो. छाटलेल्या काडीवरच्या ठरावीक डोळ्यांनाच औषध लागायला हवं, म्हणजे ते एकसारखे फुटतात. हातात रबरी मोजा, त्यात औषधात बुडवलेला कपडा. काडी चिमटीत धरायची, डोळ्यावरून कपडा फिरवायचा, पुढची काडी. कोणता डोळा झाला, कोणता राहिला ते कळावं म्हणून औषधात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे सगळ्यांचे मोजे लालबुंद. बोलणं चालू, हसणं चालू, पण नजर काडीवरून हलत नव्हती. एक डोळा सुटला तर त्या जागी घड कमी, इतका सरळ हिशेब.

त्यातली एक जण पेठ तालुक्यातली होती. टोळीबरोबर छाटणीच्या हंगामापुरती आलेली. आमच्या पाठीकडे बघून तिनं विचारलं, “एवढं घेऊन चालत कुठं निघाल्या? गाडी नाही का मिळाली?”

ताई म्हणाल्या, “गंगेच्या उगमाला.” (गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात.)

“मग बरोबर. तिथं चालतच जायचं असतं,” असं म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली.

गिरणाऱ्याकडे जाताना गोदावरीवरचा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या मधोमध आम्ही दोघी एकदमच थांबलो. दोघींच्या मनात तेच होतं, परिक्रमेत असं करता येणार नाही. पण अट म्हणजे अट. ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघींना हसू फुटलं. मग कठड्याला टेकून खालचं गढूळ पाणी बघितलं. त्यात एक बगळा एका पायावर किती वेळ तरी उभा होता.

गिरणारे म्हणजे टोमॅटो. संध्याकाळी बाजारात शिरलो तर रस्त्याच्या दुतर्फा पिकअप, ट्रॅक्टर आणि लाल कॅरेटांच्या भिंती. व्यापारी एक टोमॅटो उचलतो, दाबतो, देठाकडे बघतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याची तीन महिन्यांची मेहनत त्या मिनिटभरात ठरते. एका काकांनी आम्हाला दोन्ही हातांत मावतील एवढे टोमॅटो दिले, पैसे घेतले नाहीत. “चालणाऱ्यांकडून कसले पैसे?” म्हणाले. पडलेल्या भावाबद्दल मात्र एक शब्द बोलले नाहीत. तो आम्हाला शेजारच्या माणसाकडून कळला.

मुक्काम ताईंच्या जुन्या सहकारी नर्सबाईंच्या मळ्यात होता. ताई आयुष्यभर सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, त्यामुळे जिल्ह्यात कुठेही गेलं तरी त्यांची ओळख निघते. बाजरीची भाकरी, टोमॅटोची चटणी, कांद्याची पात. जेवण झालं आणि आमची वेळ सुरू झाली. मळ्यात इलेक्ट्रॉनिक काटा होताच, त्यावर दोन्ही सॅक ठेवल्या. माझी आठ किलो चारशे, ताईंची सहा किलो शंभर. परिक्रमावासीनं उद्याच्या जेवणाचा साठा करू नये, वाटेत मिळेल ते सदावर्त (दान म्हणून दिलेला शिधा) घ्यावं, अशी परंपरा आहे. माझ्या सॅकमधून सुका मेवा, चिक्क्या आणि दोन डबे निघाले. ते सगळं नर्सबाईंच्या नातवंडांना दिलं.

ओझ्याबद्दल एक सांगते. सॅक स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायची, हा आमचा नियम. घरी भरताना प्रत्येक वस्तू लागेल असंच वाटतं. एक दिवस खरोखर चालून संध्याकाळी सॅक उघडा. जे दिवसभर हातात आलंच नाही ते (औषधं आणि बॅटरी सोडून) बाहेर काढा.

दुसरा दिवस : गिरणारे ते बेझे

सकाळी गिरणाऱ्याच्या चौकात मजुरांची गर्दी. हरसूल, पेठ भागातून आलेली माणसं, डबे कापडात बांधलेले, कामाला कोण नेतंय याची वाट बघत उभी. त्यांच्यातून वाट काढत निघालो तोच पाऊस सुरू झाला.

नंतरचे काही तास नुसते भिजत चाललो. गावरस्ते, चिखल, मोऱ्यांवरून वाहणारं पाणी. धुक्यामुळे डोंगर गायब. रेनकोटच्या आत घामानं भिजायला होतं, त्यामुळे हलक्या वाटेवर छत्रीच बरी. सॅकवर आवरण असलं तरी आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचेच.

अशा वाटेवर अट पाळणं कठीण जातं. बघायला काही नसलं की मन पुढं पळतं. मी सरळ पावलांकडे लक्ष दिलं. टाच टेकते, चवडा टेकतो, बुटातलं पाणी पचकन वाजतं. थोड्या वेळानं त्याचाही कंटाळा आला. मग पावसाचे आवाज ऐकायला लागले. छत्रीवरचा वेगळा, भातावरचा वेगळा, सागाच्या पानावरचा फारच वेगळा, टपटपीत आणि मोठा. भातखाचराजवळून जाताना आवाज जवळपास नाहीसाच होतो. इतकी वर्षं नाशिकमध्ये राहून हे कधी कानावर घेतलं नव्हतं.

जोर वाढल्यावर एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात शिरलो. दुपारची सुट्टी होती, खिचडी वाटणं चालू होतं. गुरुजींनी आम्हालाही बसवलं. मुलांना आमच्या सॅकचं भारी अप्रूप. एकेकानं पाठीवर घेऊन बघितली. एका चिमुरडीच्या पाठीवर दिली तर ती मागच्या मागे बसली आणि सगळा वर्ग हसून लोळला. ती उठली आणि म्हणाली, “परत द्या.” दुसऱ्या वेळेला भिंतीला हात लावून उभी राहिली.

मग पाऊस उघडला आणि पडदा सरकावा तसं धुकं बाजूला झालं. तिसरीतला एक मुलगा मला हाताला धरून पटांगणाच्या कडेला घेऊन गेला. बोट दाखवत म्हणाला, “तो अंजनेरी. तो ब्रह्मगिरी. आणि तो आमच्या मामाच्या गावचा, त्याला नाव नाय.” नाव नसलेला डोंगरही त्यानं त्याच आदरानं दाखवला. उद्या-परवा तिथे चढणार असं त्याला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तो तोवर चिखलात सापडलेला खेकडा दाखवायला पुढं पळाला होता. मीही खेकडाच बघितला. एक नांगी मोठी, एक लहान, पाठ तांबूस.

संध्याकाळी बेझ्याजवळच्या चक्रतीर्थावर पोचलो. कथा अशी की गौतम ऋषींनी त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर दर्भानं गंगा अडवली, तिथून ती गुप्त झाली आणि इथे चक्रतीर्थात पुन्हा प्रकट झाली. पुढे ती गोदावरी म्हणून वाहते. कुंडाच्या काठावर आम्ही दोघीच होतो. पाणी स्थिर दिसत होतं, पण पडलेलं पान हळूहळू एका बाजूला सरकत होतं.

मुक्काम जवळच्या पाड्यावर, गुरुजींच्या ओळखीनं. त्या घरातल्या मावशींनी नागलीच्या भाकरी केल्या. पीठ उकळत्या पाण्यात टाकून त्याची उकड काढली, परातीत हातानं मळून मळून लोण्यासारखी केली, मग तळहातावर पाण्याचा हात घेऊन थापली. भाकरी तव्यावर पडली की कडेनं बोट फिरवून पाणी लावायचं, पापुद्रा सुटला की उलटायची, शेवटी निखाऱ्यावर उभी करायची. मी एक थापून बघितली, ती जाड झाली. मावशींनी ती मुद्दाम स्वतःच्या ताटात घेतली. सोबत उडदाचं भुजं, करटुल्याची भाजी, खुरासणीची चटणी आणि शेवटी मूठभर इंद्रायणीचा भात. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता तरी उठावंसं वाटेना.

रात्री ताईंच्या टाचेला फोड आलेला दिसला. त्यांनीच उपचार सांगितले, ते लिहून ठेवते. लहान फोड फोडायचा नाही, स्वच्छ धुवायचा, मधे भोक पाडलेली मऊ चकती भोवती लावून वर पट्टी, म्हणजे दाब फोडावर येत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, पाय कुठेतरी ‘गरम’ लागायला लागला की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावायची. पुढच्या झाडापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. ओल्या मोज्यांवर चालायचंच असेल तर दर थांब्याला मोजे पिळायचे आणि पायाला पेट्रोलियम जेली चोळायची.

पाड्यावर राहायचं तर आधी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. जेवणाचे पैसे देऊ केले तर लोकांना अवघडल्यासारखं होतं. आम्ही निघताना मुलांसाठी वह्या-पेन्सिली आणि घरासाठी तेल-गूळ दिला, तो आनंदानं घेतला.

तिसरा दिवस : त्र्यंबकेश्वर

ऊन! पिवळ्या सोनकीनं बांध भरले होते, तेरडा गुलाबी झाला होता आणि ओले कपडे सॅकवर वाळत आमच्याबरोबर चालत होते. अंतर थोडं, घाई नाही. ताई टाच सांभाळत होत्या. त्यामुळे दहा-दहा मिनिटांनी थांबणं व्हायचं, आणि दर थांब्याला ब्रह्मगिरीचा कडा थोडा मोठा झालेला असायचा.

त्र्यंबकमध्ये पितृपक्षाची तोबा गर्दी. फोनवर ठरवलेली खोली ऐन वेळी मिळाली नाही, पण एका धर्मशाळेत मोठ्या दालनात दोन गाद्यांची सोय झाली आणि ती खोलीपेक्षा चांगली ठरली. श्राद्धपक्षात किंवा श्रावणी सोमवारी येणार असाल तर मुक्कामाचं पक्कं करूनच या.

मंदिराची रांग लांबलचक होती. काळ्या दगडाचं हे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं आणि ते १७८६ पर्यंत चाललं, म्हणजे ज्यानं सुरू केलं त्यानं पुरं झालेलं बघितलं नाही. नानासाहेब १७६१ मध्येच गेले. रांगेत उभं राहून भिंतीवरच्या कोरीव कामाकडे बघताना मला त्या पाथरवटांचं मोठं कौतुक वाटलं. एकेकाच्या वाट्याला हातभर दगड आला असेल, आणि तो त्यांनी असा कोरलाय की आज माझ्या नाकासमोरचं फूल मोजून पाकळ्यांचं दिसतंय.

तिसऱ्या प्रहरी निवृत्तिनाथांच्या समाधीला गेलो. आईवडिलांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करताना वाघ आला, पळापळ झाली, लहानगा निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला आणि तिथे गहिनीनाथ भेटले, अशी परंपरा सांगते. नाशिकचा माणूस ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो. पण चालत येऊन, दमल्या पायांनी तिथे बसल्यावर मला त्या मुलाच्या पावलांचा विचार आला. प्रदक्षिणेचा मार्ग ठरलेला होता. गुरू भेटले ते त्या मार्गावर नाही.

धर्मशाळेत आमच्या शेजारी निफाडकडच्या एक आजी होत्या. नाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत वर्षानुवर्षं वारी करणाऱ्या. आमची सॅक, बूट, मोजे सगळं त्यांनी हातात घेऊन तपासलं. ताईंचा पाय बघितला आणि पिशवीतून काशाची वाटी काढली. खोबरेल लावून पायाच्या तळव्यावर वाटी गोल गोल फिरवायला लागल्या. थोड्या वेळात तळवा काळपट झाला, वाटी कोमट झाली आणि ताई बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. फोडाच्या जागेला मात्र त्यांनी हात लावला नाही.

“उशी डोक्याला घेऊ नका, पायाखाली घ्या,” आजी म्हणाल्या. “डोकं काय, कुठंबी झोपतं.”

परिक्रमेचं सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, “दोघी आहात ना? मग झालं.” त्या रात्री नर्मदेचं बोलायची वेळ आली तेव्हा ताई गाढ झोपल्या होत्या. मी उशी पायाखाली घेतली. सकाळी पोटऱ्या खरंच हलक्या होत्या.

चौथा दिवस : ब्रह्मगिरी

पहाटे निघालो, सॅक धर्मशाळेत ठेवून. हा एक दिवस बिनओझ्याचा आम्ही मुद्दाम ठेवला होता. ताईंची टाच बरीच शांत होती. ब्रह्मगिरीची उंची १२९५ मीटर. पायऱ्या आहेत, पण पावसात शेवाळलेल्या. कातळात खोदलेल्या टप्प्यात हातानं भिंत धरून चढावं लागतं. काठी हवी, ती हातात घट्ट हवी, कारण माकडं. केळी, पिशवी, पाण्याची बाटली, जे दिसेल ते नेतात. खायचं काही बाहेर दिसू देऊ नका.

निम्म्या वाटेवर आमच्या पुढं एक बाई डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं आणि हातात लिंबांची पिशवी घेऊन चढत होत्या. आम्ही दोनदा थांबलो, त्या एकदाही नाही. वर त्यांच्या टपरीवर गाठ पडली. लिंबूसरबत करता करता बोलत होत्या.

ताईंनी विचारलं, “रोज चढता एवढं?”

“दुकान वर हाये म्हटल्यावर चढावंच लागतंय.”

“पाय दुखत नाहीत?”

“दुखतात की. पण संध्याकाळी.”

वरती सपाटीवर ढग उतरला होता. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मूळगंगेचं, म्हणजे गोदावरीच्या उगमाचं, ठिकाण म्हणजे लहानसं मंदिर आणि लहानसं कुंड. १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी इथे ओंजळीत मावते. याच डोंगराच्या परिसरात वैतरणाही उगम पावते आणि पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. एकाच सरीचं पाणी. थेंब कुठल्या उतारावर पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो.

पुढे जटा मंदिरात गेलो, जिथे शंकरानं जटा आपटून गंगा मोकळी केली म्हणतात. दगडावरच्या त्या खुणांवरून ताईंनी हात फिरवला. मग बाहेर येऊन कड्याजवळ, पण सुरक्षित अंतरावर, बसलो. वारा ढग ढकलत होता. एकदा फट पडली, खाली त्र्यंबक गाव, मंदिराचं शिखर, भाताचे हिरवे चौकोन, आणि आम्ही ज्या बाजूनं चालत आलो ती सगळी वळणं दिसली. फट बुजली. पुन्हा पडेल म्हणून बसून राहिलो, ती पडली नाही. तरीही उठायची घाई झाली नाही.

इथं मला जे कळलं ते तयारी करणाऱ्या इतरांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते. पायांची तयारी वेळापत्रकानं होते. दर आठवड्याला अंतर थोडं वाढवा, एक दिवस विश्रांती, चढ-उतार, ओझं. ते सगळं कागदावर मांडता येतं आणि मांडावंच. पण लांबच्या वाटेवर खरी गरज लागते ती समोरच्या तासात रमण्याची. कंटाळवाण्या, भिजलेल्या, धुक्यातल्या तासात सुद्धा. तिची सवय निघाल्यावर लागत नाही, निघायच्या आधीच लावावी लागते. घरचा रोजचा रस्ताही त्यासाठी पुरतो. आमची ती अट म्हणजे त्याचाच सराव होता, आणि चौथ्या दिवशी ती आठवावी लागत नव्हती.

उतरताना गंगाद्वाराकडे वळलो. पायऱ्या पुन्हा शेकड्यांनी, पण गुहेतली १०८ शिवलिंगं बघण्यासारखी आहेत. खाली आल्यावर साबुदाण्याची गरम खिचडी खाल्ली, आणि लगेच दुसरी बशी मागवली.

पाचवा दिवस : अंजनेरी आणि परत

त्र्यंबकहून अंजनेरीपर्यंत रस्त्यानं चाल. सिंहस्थाच्या तयारीमुळे रस्त्याचं काम, वाहनं आणि चिखल. हा टप्पा गाडीनं केला तरी काही बिघडत नाही.

अंजनेरी मात्र सोडू नका. हनुमानाचा जन्म इथला मानतात, अंजनीमातेचं मंदिर वर पठारावर आहे. खिंडीतून पायऱ्यांनी चढताना कातळात जैन लेणं लागतं. संवर्धन राखीव क्षेत्र आहे. प्लास्टिक न्यायचं नाही, पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. शनिवार-रविवार टाळलात तर पठार जवळपास तुमचंच असतं.

वर गावातला एक तरुण भेटला. पर्यटकांना माहिती सांगतो आणि फुलांवर लक्षही ठेवतो. त्यानं आम्हाला गुडघ्यांवर बसवलं आणि गवतात एक फूल दाखवलं. कंदीलपुष्प, अंजनेरीच्याच नावानं ओळखली जाणारी सेरोपेजियाची जात. बोटाएवढं फूल. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. माशी वासानं आत शिरते, नळीतले केस खालच्या दिशेनं वळलेले असल्यामुळे तिला वर येता येत नाही. आत फिरताना तिच्या अंगाला पराग लागतात. मग केस कोमेजतात आणि माशी सुटते. “आत्ता आत असेल एखादी,” तो म्हणाला. आम्ही कान लावून बसलो. ऐकू काही आलं नाही, पण नळी बाहेरून किंचित थरथरल्यासारखी वाटली. ताई आणि तो तरुण दोघांनाही तसंच दिसलं.

मान वर केली तर कड्यावर गिधाडं. लांब चोचीची गिधाडं या कड्यांवर घरटी करतात. चार-पाच जण पंख न हलवता फिरत होते. ताईंनी दुर्बीण सोडलीच नाही, शेवटी मी मागून घेतली.

खाली उतरून फाट्यावरून सिटीलिंकची (नाशिकच्या शहर बससेवेची) बस मिळाली. त्र्यंबक-नाशिक मार्गावर एसटी आणि सिटीलिंक दोन्हींच्या फेऱ्या भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रवास कुठल्याही टप्प्यावर सोडून घरी येता येतं. पहिल्यांदा ओझं घेऊन चालणाऱ्यांना हे फार सोयीचं. पाच दिवस जमत नसतील तर नुसतं बेझे ते ब्रह्मगिरी करा.

बसमध्ये जागा मिळाली, आणि ताई तिकिटं पर्समध्ये ठेवता ठेवता म्हणाल्या, “अगं, तिकडे गेल्यावर काय करायचं? तिकडे तर नर्मदाच समोर असेल. मग कशाबद्दल बोलायचं नाही?”

मी म्हटलं, “घराबद्दल.”

“छे. घराबद्दल नाही बोलणार तर मला झोप नाही लागायची.”

“मग किती किलोमीटर राहिले, त्याबद्दल.”

त्यावर त्या सातपूर येईपर्यंत विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ते चालेल. पण तुमच्या दादांचा रोज फोन येणार आणि ते पहिलं तेच विचारणार. त्यांना आत्ताच सांगून ठेवायला हवं.” आणि फोन लावलाच.